वादळातून परतलेल्याचा संयम

११ ऑगस्ट १९७९ रोजी इंग्लंडच्या वाइट बेटावरील काउज येथून फास्टनेट शर्यतीसाठी शिडाच्या ३०३ नौका निघाल्या. आयर्लंडच्या दक्षिणेकडील फास्टनेट खडकाला वळसा घालून प्लिमथ गाठायचे, अंतर सुमारे ६०० सागरी मैल. १३ तारखेच्या रात्री वादळाने त्यांना गाठले. १५ स्पर्धक दगावले. शर्यत पुरी करणाऱ्या नौका अवघ्या ८५.

अमेरिकी लेखक जॉन रूसमॅनिएर त्या वादळात ‘टोस्काना’ या नौकेवर होते. पुढच्याच वर्षी त्यांचे ‘फास्टनेट, फोर्स टेन’ प्रसिद्ध झाले. स्वतः सुखरूप परतलेल्या माणसाला आपलीच कहाणी रंगवणे सोपे असते. रूसमॅनिएर मात्र वाचकाला इतरांच्या नौकांवर नेतात.

त्या वादळात २४ नौका सोडून देण्यात आल्या. बुडाल्या फक्त ५. किनाऱ्यावर बसून या आकड्यांवरून दोषारोप करता येतो. रूसमॅनिएर आधी तो अंधार, ती थंडी आणि शिणलेली शरीरे समोर ठेवतात, मगच निर्णयांकडे वळतात. १९८३चे त्यांचे ‘अ‍ॅनापोलिस बुक ऑफ सीमनशिप’ हे नौकानयनाचे पाठ्यपुस्तक मला याच वृत्तीचे पुढचे पाऊल वाटते: दोष देण्यापेक्षा शिकवावे.

पण हा संयम सर्वत्र पुरतो का? ‘ग्रिमॉल्किन’ नौकेवरचे तिघे, मागे उरलेले दोन सोबती गेले असे समजून, तराफ्यात उतरले. ते दोघे जिवंत होते. त्यांतला एक पुढे नौकेवरच मरण पावला. वाचलेल्या निक वॉर्ड यांचे ‘लेफ्ट फॉर डेड’ २००७ साली, म्हणजे २८ वर्षांनी आले. ते वाचल्यावर जाणवते, की इतिहासकार सर्वांना सारखे समजून घेतो तेव्हा मागे राहिलेल्याचा एकाकीपणा त्याच्या तराजूत मावत नाही. तिथे साक्षीदारालाच बोलावे लागते.

ही उणीव रूसमॅनिएर यांनाही बोचली असावी, असा माझा तर्क आहे. २००२च्या ‘आफ्टर द स्टॉर्म’मध्ये ते सागरी दुर्घटनांबरोबरच त्यांतून सावरण्याचा शोध घेतात. त्यांच्या लेखनप्रवासाचे मोल मला इथे दिसते: वादळ कसे आले हे सांगून ते थांबले नाहीत, ते ओसरल्यावर माणसाचे काय होते, या प्रश्नाकडे परत आले.