‘झुंड’मधले मैदान कोणाचे?

नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’वर (२०२२) बोलताना उत्तरार्ध सैल पडल्याची तक्रार हमखास होते. मला ती अर्धीच पटते.

चित्रपटाच्या मुळाशी नागपूरचे विजय बारसे आहेत. हिस्लॉप कॉलेजातल्या या क्रीडाशिक्षकाने भर पावसात झोपडपट्टीतली मुले फुटकी बादली लाथाडताना पाहिली आणि त्यातून ‘स्लम सॉकर’ उभे राहिले. पडद्यावर बारसे यांचे बोराडे (अमिताभ बच्चन) होतात; पण मंजुळे यांची खरी भर आहे ती कॉलेज आणि वस्ती यांच्यामधल्या भिंतीची. मैदान भिंतीच्या पलीकडे.

वस्तीतली मुले कॉलेजच्या संघाशी खेळतात तो लांबलचक सामना मध्यावरच येतो. क्रीडापटांच्या रीतीने तो शेवटी यायला हवा होता. इथे सामना संपतो आणि मैदान मागे पडते. दाखले, पोलीस पडताळणी, पासपोर्ट असा फेरा सुरू होतो. रिंकू राजगुरूची मोनिका बापाबरोबर आपण कोण हे सिद्ध करत कचेऱ्या हिंडते. तिथे चेंडू नाही, पण प्रश्न तोच: आत कोणाला सोडायचे? म्हणून ही लांबण मी सोसतो.

माझी तक्रार वेगळी आहे. मुले त्या मैदानावर उतरतात ती बोराडे सरांच्या चांगुलपणामुळे. सर निवृत्त झाल्यावर तिथे कोणी खेळायचे, हे पटकथा विचारत नाही. शेवटी विमान भिंतीवरून उडते. मंजुळे भिंत दाखवतात. फाटकाची किल्ली कोणाकडे असते, ते दाखवत नाहीत.