भाकरीची विरी

मराठी समीक्षेने स्वयंपाकघराचे ऋण फार मोठे घेतले आहे. आपण कवितेतला रस शोधतो, गद्य खुसखुशीत असल्याचे सांगतो, अनुभव मुरला नाही अशी तक्रार करतो, कल्पना शिळी ठरवितो. आणि हे सारे झाल्यावर ज्याला 'आस्वाद' म्हणावयाचे तो शब्दही जिभेवरूनच उचलतो. इतके घेऊनही ताटातल्या अन्नाचे मूल्यमापन करावयास साहित्याचा समीक्षक सहसा धजत नाही. ते काम त्याने पाककृतींच्या पुस्तकांवर सोपविले आहे; आणि पाककृती कसे करावे ते सांगते, जे झाले ते कसे झाले याचा निवाडा करीत नाही. प्रस्तुत लेखात त्या ऋणाचा एक लहानसा हप्ता फेडण्याचा विचार आहे. विषय आहे यवतमाळ जिल्ह्यातील एका भोजनपत्रकावर मला भेटलेला 'ग्लूटेन-फ्री' हा शब्द, आणि त्या शब्दाखाली वाढली गेलेली ज्वारीची भाकरी.

प्रथम शब्दाला न्याय दिला पाहिजे. ग्लूटेन म्हणजे लॅटिन भाषेत सरस किंवा डिंक. गव्हाच्या पिठात पाणी घालून ते मळले, की त्यातील ग्लायडिन आणि ग्लूटेनिन ही प्रथिने एकमेकांत गुंतून एक लवचिक जाळे तयार होते; ते जाळे म्हणजे ग्लूटेन. जवातही त्याच जातीची प्रथिने आहेत. काही माणसांच्या लहान आतड्याला ती मानवत नाहीत. या विकाराला सीलिअॅक असे नाव आहे. त्यात आतड्याचे अस्तर झिजते, खाल्लेले अंगी लागत नाही, मूल वाढत नाही. विलेम कारेल डिक या डच बालरोगतज्ज्ञाने १९३०च्या दशकापासून अशा मुलांचा आहार पाहिला होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव दिसेनासा झाला. आणि पुढे, १९५० साली उट्रेख्त येथे सादर केलेल्या प्रबंधात, गहू हेच या रोगाचे मूळ असल्याचे त्याने मांडले. या विकारावर आजही मुख्य उपचार एकच आहे, तो म्हणजे ही धान्ये आयुष्यभर वर्ज्य करणे. तेव्हा ज्याला हा विकार आहे त्याच्यासाठी 'ग्लूटेन-फ्री' हा शब्द औषधाच्या बाटलीवरील अक्षरांइतकाच गंभीर आहे. भारतातील अन्नसुरक्षेच्या नियमांनीही त्याला मोजमाप दिले आहे: एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन असता कामा नये. या शब्दाची टिंगल करणाऱ्यांत मी नाही.

परंतु शब्द औषधाचा म्हणून खरा असला, तरी रुचीचा म्हणून तो पुरा पडत नाही. तो केवळ अभाव सांगतो. आपल्याकडे कवितेतही असा एक शब्द होऊन गेला आहे. मूर्तिजापूरला जन्मलेल्या, म्हणजे आमच्या वऱ्हाडच्याच, कवी अनिलांनी ज्या रचनेचा हिरिरीने पुरस्कार केला, तिचे नाव मुक्तछंद. नावावरून वाटावे की छंद सोडला म्हणजे काम झाले. अनेकांना तसे वाटलेही, आणि त्यांच्या ओळी कागदावर नुसत्या तुटून पडल्या. छंदाचा आधार काढून घेतल्यावर ओळीला उभे राहण्यासाठी स्वतःची लय लागते. ती असेल तर कविता आहे, नसेल तर तोडलेले गद्य आहे. भाकरीचेही नेमके असेच आहे. तिच्यात ग्लूटेन नाही एवढ्याने तिच्याविषयी काहीच सांगून होत नाही. ते नसताना ती एकसंध कशी राहते, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या भाषेत एका शब्दात आहे: विरी. मळलेल्या ज्वारीच्या पिठाचा आपसात धरून राहण्याचा जो गुण, ती विरी. विदर्भात गव्हाची लांब पोळी करतात. सैल, चिवट कणीक हातावर घेऊन, झुलवीत झुलवीत ती कोपरापर्यंत ताणायची आणि चुलीवरल्या पालथ्या मडक्यावर टाकायची. हा सारा खेळ ग्लूटेनचा. ज्वारीचा गोळा असा ताणायला जाल तर त्याचे दोन तुकडे होतील. म्हणून तिची रीत निराळी. उकळीचे पाणी घालायचे, म्हणजे पिठातील पिष्ट फुगून चिकट होते. मग तळहाताच्या टाचेने रगडून मळायचे. आणि लाटायचे नाही, थापायचे. थापताना परातीत भाकरी स्वतःभोवती फिरत राहते, कडा बोटांनी सांभाळल्या जातात. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, ते सुकण्याच्या आत उलटायची, आणि शेवटी निखाऱ्यावर फुगवायची. वरचा पापुद्रा सुटला की भाकरी साधली. यातली एकही क्रिया शोभेची नाही. गव्हाला जे प्रथिनांच्या जाळ्यातून आयते मिळते, ते येथे पाणी, हात आणि वेळ यांनी मिळवायचे असते.

विरीचा आणखी एक स्वभाव आहे, आणि माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली तेथे आहे. विरी टिकत नाही. दळण जुने झाले की ती जाते. 'पीठ विरी गेलं' असे म्हणतात ते यालाच. शिवाय दाण्याच्या अंकुरातले तेल दळताना पिठात उतरते आणि काही दिवसांनी पीठ कडवटते. म्हणजे ताजेपणा हा ज्वारीच्या बाबतीत हौसेचा भाग नाही. गिरणी जवळ असावी, दळण थोडे असावे, ही त्या धान्याचीच अट आहे. 'ताजे' आणि 'स्थानिक' हे भोजनपत्रकांचे लाडके शब्द भाकरीच्या अंगातच आहेत. ते वरून छापावे लागत नाहीत.

आता त्या ताटाविषयी. यवतमाळहून बाहेर पडणाऱ्या एका रस्त्यावरचे हे भोजनगृह. नाव सांगण्याचे कारण नाही. दिवस श्रावणाचे. पत्रकावर 'ग्लूटेन-फ्री थाळी, ताज्या स्थानिक भाज्यांसह' अशी ओळ होती. ताटात दोन भाकरी, झुणका, एक भाजी, भात आणि सोलकढी. झुणका चांगला होता. कांदा नीट परतलेला, बेसन कोरडे न पडलेले. हे प्रथम नोंदविले पाहिजे. भाजी मात्र लाल-पिवळ्या ढोबळी मिरचीची आणि अळंब्यांची. ज्या दिवसांत काटवले बाजारात येतात, तरोटा आणि कुरडू बांधावर फुकट उगवतात, त्या दिवसांत हे 'स्थानिक' कोठले? सोलकढी तर कोकणची. यवतमाळात 'सोले' म्हटले की तुरीचे हिरवे दाणे समजतात, आणि त्यांना अजून चार महिन्यांचा अवकाश होता.

भाकरी दिसायला देखणी होती; कंपासाने काढल्यासारखी गोल, पातळ, कोठेही भेग नाही. ही निर्दोषताच मला संशयास्पद वाटली. तुकडा मोडला तर तो मोडण्याऐवजी ताणला गेला. वाढणाऱ्या मुलाला पिठाविषयी विचारले, तेव्हा त्याने भाबडेपणाने पाकीटच आणून दाखविले. दळल्याला अडीच महिने झालेले, आणि घटकांत ज्वारीच्या मागोमाग झँथन गम. म्हणजे ज्या भाकरीची ख्याती सरस नसण्याविषयी, तिच्यात दुसरा सरस घातलेला! डिंक विषारी नाही, आणि पाकिटातल्या विरी गेलेल्या पिठाची ती गरजही आहे. पण जे हाताने साधायचे ते चूर्णाने साधले, की पदार्थ उभा राहतो आणि चव बसते. गोडवा नव्हता, धुराचा वास नव्हता, पापुद्रा नव्हता.

मी पुढे विचारले, तवा वेगळा आहे काय? आत जाऊन येऊन त्याने सांगितले, "तवा एकच आहे, पोळ्या पण त्यावरच होतात." हिंग बाजारातल्या डबीतला. बांधानी हिंगात पुष्कळदा मैदा असतो, हे ज्याला पथ्य पाळायचे आहे त्याने विसरून चालत नाही. त्या मुलाच्या सरळपणाबद्दल मला आदर आहे. पत्रकाबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. ज्याच्यासाठी तो शब्द जन्माला आला त्या रोग्याला ते ताट सुरक्षित नव्हते, आणि जो केवळ चवीसाठी आला त्याला त्यात चव नव्हती. शब्द दोन्ही अंगांनी पोकळ ठरला.

याच्या शेजारी दुसरे ताट ठेवतो, कारण तुलनेवाचून निवाडा अपुरा. पुढच्या पौषात दारव्हा-दिग्रस भागातील एका खेड्यात जेवण्याचा योग आला. भाकरी, तुरीच्या सोल्यांत शिजविलेली वांगी, जवसाची चटणी, आणि ज्वारीच्या कण्या घालून केलेली अंबाडीची भाजी. भाकरीच्या कडेला दोन भेगा होत्या, एका बाजूला करपल्याचा डाग होता. पण तोंडात घातल्यावर प्रथम निखाऱ्याचा वास, मग धान्याचा गोडवा. अंबाडीची आंबट धार आली की तो गोडवा अधिक उमटे, आणि जवसाचा तेलकटपणा दोहोंना सांधून घेई. ताटातला प्रत्येक पदार्थ दुसऱ्याच्या उणिवेला उत्तर देत होता. त्यात गव्हाचा कण नव्हता, आणि तसे कोणी बोललेही नाही. मी भाकरीची स्तुती केली तर त्या घरच्या मावशी म्हणाल्या, "दळण कालचंच हाय ना भाऊ. पंधरा दिसाचं पीठ असतं तं थापतानीच तुटली असती."

लेख येथे संपविता आला असता, तर खेड्यातले खरे आणि रस्त्यावरचे खोटे असा सोयीचा निष्कर्ष निघाला असता. पण ज्वारी तुमच्या शेतातलीच ना, असे मी विचारले, आणि मावशी हसल्या. "वावरात कोठची जवारी आता? सोयाबीन अन् पऱ्हाटी. जवारी पेरली का रोही ठेवत नाई, अन् राह्यलं ते पाखरं नेतात. बजारातून आनतो, पाहुने आले म्हंजे. एरवी रेशनच्या गव्हाच्या पोळ्या."

या पाच वाक्यांत जिल्ह्याचा साठ वर्षांचा इतिहास आहे. विदर्भाची ज्वारी मुख्यतः खरिपाची. १९६४ साली सीएसएच-१ हे भारतातील पहिले संकरित वाण आले. उतारा वाढला, पण ताटे बुटकी झाल्याने कडबा घटला. आणि लवकर तयार होणारे कणीस परतीच्या पावसात सापडून दाणा काळा पडू लागला. काळ्या दाण्याला भाव नाही. मग सोयाबीन पसरले, २००२ पासून बीटी कापूस आला. ज्वारीचे पट्टे तुटक झाले, तसे रोही, डुकरे आणि पाखरे यांचा सारा भार उरलेल्या एखाद्या शेतावर पडू लागला, आणि त्या शेतकऱ्यानेही हात टेकले. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य १ रुपया किलोने देण्याची तरतूद होती खरी. परंतु घरी येणाऱ्या पोत्यात बहुतेक वेळा २ रुपयांचा गहू आणि ३ रुपयांचा तांदूळच असे, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. त्याच २०२३ साली संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष साजरे केले, आणि आपल्याकडे ज्वारी-बाजरीला 'श्रीअन्न' हे नाव मिळाले. ज्या घरात पोळी सणाची आणि भाकरी रोजची होती, तेथे आता पोळी रोजची आणि भाकरी पाहुण्याची झाली आहे.

गहू पोटाला लागला त्याबद्दल कुरकुर करण्याचा अधिकार मला नाही. भुकेपुढे रुचीची मीमांसा गप्पच बसली पाहिजे. पण अशा घरातल्या एखाद्या मुलाला हा विकार निघाला आणि डॉक्टरांनी 'गहू बंद' असे लिहून दिले, तर काय होईल याचा विचार करावा. आजीच्या काळी त्या मुलाचे पथ्य म्हणजे घरचे साधे जेवण होते. आज आईला ज्वारी विकत आणावी लागेल. आणि गावच्या ज्या गिरणीत आधी गहू दळला गेला, तिच्याच पात्यांतून ती दळून आणली तर पथ्य मोडेल. तिला माळ्यावरचे जाते खाली काढावे लागेल. शहरातल्या कपाटातले महागडे पाकीट तिला परवडणार नाही, आणि परवडले तरी त्याची भाकरी थापली जाणार नाही.

म्हणून 'ग्लूटेन-फ्री' हा शब्द पत्रकावरून काढून टाका असे मी म्हणणार नाही. तो छापणाऱ्याने मात्र त्याची किंमत मोजावी: तवा वेगळा, दळण वेगळे, हिंग पाहून घेतलेला. आणि जी ज्वारी वाढायची ती जवळच्या शेतकऱ्याकडून, त्याला पुन्हा पेरावेसे वाटेल अशा भावाने, आधी ठरवून घ्यावी. एवढे केले तर 'स्थानिक' हा शब्द कोणाला मोठ्या अक्षरांत छापावा लागणार नाही. राहिला खाणारा. त्याच्यासाठी माझी कसोटी लहान आहे, आणि तिला रसायनशास्त्र लागत नाही. भाकरीत काय नाही हे विचारण्याआधी त्याने एवढेच विचारावे: दळण कधीचे?