‘हिडन फिगर्स’ पाहून झाल्यावर

महिला दिनाला आमच्या मंडळाने बडोद्यात ‘हिडन फिगर्स’ दाखवला. नंदेसरीहून आम्ही अकरा जणी गेलो होतो. सिनेमा संपल्यावर मला पाच मिनिटं बोलायचं होतं, विषय ‘आपल्या मुली आणि कॉम्प्युटर’. मी बोलले, टाळ्या पडल्या, चहा झाला. त्या दिवशी जे बोलले त्यातलं निम्मं आज मला पटत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

सिनेमा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्गो ली शेटर्ली यांच्या 2016 च्या पुस्तकावर तो बेतलेला आहे. अमेरिकेच्या अंतराळ संस्थेत गणित करणाऱ्या तीन कृष्णवर्णीय स्त्रिया, कॅथरीन जॉन्सन, डोरोथी वॉन आणि मेरी जॅक्सन. काळ 1961 च्या आसपासचा. गंमत म्हणजे तेव्हा ‘कॉम्प्युटर’ हे यंत्राचं नाव होण्याआधी माणसाच्या हुद्द्याचं नाव होतं, आणि ती माणसं बहुतेक बायकाच असायच्या. आकडेमोड करणारी ती कॉम्प्युटर. मग यंत्र आलं आणि तिचं नाव घेऊन बसलं.

सिनेमा चांगला आहे, मीही रडले. पण घरी येऊन पुस्तक वाचलं तेव्हा एक प्रसंग खटकला. सिनेमात कॅथरीनला स्वच्छतागृहासाठी अर्धा मैल धावत जावं लागतं, आणि शेवटी तिचा गोरा साहेब हातोडा घेऊन ‘फक्त कृष्णवर्णीयांसाठी’ ही पाटी फोडतो. सगळ्यांच्या टाळ्या तिथेच पडल्या. प्रत्यक्षात असं काही झालं नव्हतं. कॅथरीन पहिल्यापासून जवळचंच स्वच्छतागृह वापरत होत्या, कुणाची परवानगी न विचारता. आता सांगा, कुठली गोष्ट मोठी? साहेबाने हातोडा मारला ती, की बाईने काही न बोलता दार उघडलं ती? सिनेमावाल्यांना हातोडा लागतो. आणि आपल्यालाही. आपण मुलींना ज्या गोष्टी सांगतो त्यात कुणीतरी भला माणूस येतो आणि दार उघडून देतो. मग मुली त्या भल्या माणसाची वाट पाहत बसतात.

डोरोथी वॉन यांचंही तसंच. सिनेमात त्यांना पर्यवेक्षकाचं पद मिळायला शेवटची दहा मिनिटं लागतात. खरं तर 1949 पासून त्या आपल्या विभागाच्या प्रमुख होत्या. पण त्यांचा एक भाग सिनेमाने नीट पकडला आहे, आणि नेमका त्याविषयी आमच्यापैकी कुणीच बोललं नाही. ऑफिसात आयबीएमचं यंत्र येतं. डोरोथीला कळतं की आता हातांनी आकडेमोड करणाऱ्यांची गरज उरणार नाही. ती फोर्ट्रान नावाची प्रोग्रामिंगची भाषा पुस्तकावरून शिकते आणि आपल्या हाताखालच्या सगळ्या जणींना शिकवते. यंत्रावर काम करायला बोलावणं येतं तेव्हा ती एकटी जात नाही, सगळ्या जातात. या प्रसंगात हातोडा नाही. एक पुस्तक आहे, शिकायला वेळ आहे आणि शिकवायला माणूस आहे.

मी मात्र पाच मिनिटांत सुधा मूर्तींची गोष्ट सांगितली. ती सगळ्यांना पाठ आहे. 1974 साल, बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकत असताना टेल्कोची जाहिरात दिसली, स्त्रियांनी अर्ज करू नये असं तिच्यात लिहिलेलं. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवलं, पुण्याला मुलाखतीचं बोलावणं आलं, नोकरी मिळाली. सुंदरच गोष्ट आहे. पण आपण ती कशी सांगतो ते पाहा. त्या तिथे शिकत काय होत्या? कॉम्प्युटर सायन्स. 1974 मध्ये, जेव्हा आपल्यातल्या बहुतेकांनी कॉम्प्युटर हा शब्दही ऐकला नव्हता. हे वाक्य मी किती व्याख्यानांत ऐकलं? एकातही नाही. आपल्याला पोस्टकार्ड आठवतं, विषय आठवत नाही.

आणि गोष्टीचा उत्तरार्ध. 1981 मध्ये इन्फोसिस सुरू झाली तेव्हा सुधाबाईंनी साठवलेले दहा हजार रुपये दिले. पण कंपनीत नवरा-बायको दोघं नकोत, असं नारायण मूर्तींचं म्हणणं पडलं आणि त्या बाहेर राहिल्या. हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे, आणि तो निर्णय चुकीचा होता असं आता मूर्तीही म्हणतात. आपल्या सभांमध्ये मात्र या भागाला ‘त्याग’ म्हणतात. मीसुद्धा म्हणाले. बायकांनी माना डोलावल्या.

मैत्रिणींनो, त्याग हा शब्द आपल्या घरात रोजचा आहे. पर्युषणात काय सोडलं, चातुर्मासात काय सोडलं, हे आपण एकमेकींना विचारतो. पण आपल्या धर्मात त्याग म्हणजे जे आपल्यापाशी आहे ते आपल्या मर्जीने सोडणं. जे हातात पडूच दिलं नाही त्याला त्याग म्हणायचं? साध्वीजींना विचारलं तर त्याही नाहीच म्हणतील. एखाद्या बाईने समजून-उमजून घर निवडलं तर तिच्या निवडीचा मान ठेवावा, पण म्हणून सगळ्याच जणींच्या अडवणुकीला हा पवित्र शब्द चिकटवू नये.

शब्दांवरून ब्राह्मी आणि सुंदरी आठवल्या. ऋषभदेवांनी एका मुलीला लिपी शिकवली आणि दुसरीला अंक, ही कथा आपल्याकडे पाळण्यातल्या मुलीलाही माहीत असते. जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात हा प्रसंग आहे. उजवीकडे बसलेल्या ब्राह्मीला लिपी शिकवली म्हणून अक्षरं डावीकडून उजवीकडे जातात, डावीकडच्या सुंदरीला अंक शिकवले म्हणून एकं, दहं, शतं अशी स्थानं उजवीकडून डावीकडे मोजतात, असं परंपरा सांगते. लिपी आणि अंक. प्रोग्रामिंगमध्ये याहून तिसरं काय असतं? पण प्रवचनात या दोघींच्या दीक्षेवर तासभर बोलणं होतं आणि शिकण्यावर एक वाक्य. दीक्षा मोठीच, प्रश्न तिच्या मोठेपणाचा नाही. पण बापाने मांडीवर बसवून काय शिकवलं आणि मुलींनी त्याचं काय केलं, हे विचारायला कुणी थांबत नाही.

भास्कराचार्यांच्या लीलावतीचं तर याहून वाईट केलंय आपण. घटिकापात्रात मोती पडला, लग्नाचा मुहूर्त टळला, म्हणून बापाने तिच्या नावाचा ग्रंथ लिहिला. ही कथा ग्रंथात नाही. भास्कराचार्यांनंतर चारशे वर्षांनी, 1587 मध्ये, फैजीने लीलावतीचं फारसी भाषांतर केलं, तिथून ती पसरली. ग्रंथात एका मुलीला कठीण उदाहरणं घातली आहेत. आपल्याला मोडलेलं लग्न लक्षात राहिलं.

आता दुसरी तक्रार. बायकांना प्रोग्रामिंग समजावायचं म्हटलं की कुणीही उठून स्वयंपाकाचं उदाहरण देतं: प्रोग्राम म्हणजे पाककृती. ऐकून ऐकून कंटाळा आला. शिवाय ते अर्धंच खरं आहे. आपल्या कृतीत ‘चवीपुरतं मीठ’ असतं, ‘रंग बदलेपर्यंत परता’ असतं. यंत्राला चव नाही, रंग म्हणजे कुठला रंग तेही त्याला आकड्यात सांगावं लागतं. उपमाच द्यायची तर विणकामाची द्या. दोन सुलट, दोन उलट, सुई संपेपर्यंत. मग बारा ओळी झाल्या की दोन टाके कमी. कधी थांबायचं, किती वेळा, काय झालं तर काय करायचं, सगळं त्यात आलं. आणि ही नुसती उपमा नाही. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानाच्या कॉम्प्युटरची स्मृती तारा ओवून केलेली होती, आणि त्या तारा कारखान्यात बायकांनी ओवल्या होत्या. तार कड्याच्या आतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य.

हे सगळं मला आधी माहीत होतं असं समजू नका. माझं शिक्षण एमएस-सीआयटीपाशी थांबलं. महाराष्ट्रात 2001 मध्ये तो कोर्स निघाला आणि माझ्यासारख्या कितीतरी बायकांनी त्याच्यामुळे पहिल्यांदा माऊस हातात धरला. त्याचे उपकार आहेतच. पण मी जिथे गेले तिथे सरांना एकदा विचारलं, की हा तक्ता आपोआप बेरीज करतो म्हणजे आत नेमकं काय होतं? सर म्हणाले, ते तुम्हाला कशाला, परीक्षेत येत नाही. मी गप्प बसले. वापरणं शिकवलं, घडवणं नाही. आपल्या बहुतेक ‘मुलींसाठी संगणक’ शिबिरांचं आजही हेच आहे.

दिवाळीच्या सुट्टीत माझी पुतणी माझ्याकडे आली. बारावीत आहे, आमच्याच कॉलनीत राहते. आमच्या स्वयंपाकघरात नवकारशी-पोरसीच्या वेळांचं छापील कार्ड टांगलेलं आहे, ते मुंबईच्या सूर्योदयाचं. दर वर्षी मी अंदाजाने मिनिटं कमी-जास्त करते. ती म्हणाली, काकू, नियम काय आहे ते सांग. मी सांगितलं: सूर्योदयानंतर 48 मिनिटांनी नवकारशी, दिवसाचा पाव भाग सरला की पोरसी, अर्धा सरला की पुरिमड्ढ. तिने माझ्या मोबाइलवर पायथनमध्ये सातआठ ओळी लिहिल्या आणि सूर्योदय 6.40 असा घातला. उत्तर आलं 6.88. आम्ही दोघी हसलो. यंत्राने 6.40 ला घड्याळ मानलंच नव्हतं, दशांश मानला होता, त्यात 0.48 मिळवले. मग तिने सगळ्या वेळा मिनिटांत केल्या, हिशेब केला आणि परत तास-मिनिटांत आणल्या. नवकारशी 7.28. सूर्यास्त 6.00 ला, म्हणजे दिवस 11 तास 20 मिनिटांचा, पाव भाग 2 तास 50 मिनिटं, पोरसी साडेनऊला. मी कागदावर पडताळून पाहिलं. बरोबर होतं.

ती चूक सापडली तेव्हाचा तिचा चेहरा मी महिला दिनाच्या कुठल्याच कार्यक्रमात पाहिलेला नाही. कुणी तिला प्रेरणा दिली नव्हती. तिला एक खरा प्रश्न मिळाला, आणि चुकायला एक दुपार मिळाली.

पण मोबाइलवर किती लिहिणार? घरी लॅपटॉप आहे, तो तिच्या भावाचा. तो दहावीत आहे आणि रात्री अकरापर्यंत त्यावर असतो, अभ्यास किती ते मी विचारलं नाही. जाऊबाई स्वभावाने चांगल्या आहेत. सिनेमाला माझ्या शेजारीच बसल्या होत्या, डोरोथी लेकरांना घेऊन ग्रंथालयातून हाकलली गेली तेव्हा त्यांनी माझा हात धरला होता. मी त्यांना म्हटलं, संध्याकाळी पाच ते सात लॅपटॉप मुलीला द्या. त्या म्हणाल्या, त्या वेळी ती मला चौविहाराच्या आधी पोळ्यांना लागते.

यावर मी काय बोलणार? सूर्यास्ताआधी जेवण आवरायचं, हे माझ्याही घरात आहे. मी म्हटलं, मग पोळ्या मुलगा लाटेल. त्या हसल्या, मला वाटतं त्यांना ती थट्टा वाटली. सध्या ठरलंय ते इतकंच, की रविवारी दुपारी दोन ते पाच लॅपटॉप तिचा. दोन रविवार झाले. पहिल्या रविवारी भावाचा क्रिकेटचा सामना होता, म्हणून मिळाला. दुसऱ्या रविवारी मी स्वतः जाऊन बसले.