परदुःख शीतळ

आमच्या रत्नागिरीत दुसऱ्याचं दुःख अनुभवण्याची सोय गावातल्या गावात आहे. तिला थिबा पॉइंट म्हणतात. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून उतरवलं आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. राजवाडा मिळायला १९१० साल उजाडलं आणि १९१६ साली राजा गेलाही. मंडाले काही त्याला पुन्हा दिसलं नाही. पाहुणे आले की संध्याकाळी मी त्यांना तिथे नेतो. खाली भाट्याची खाडी, पलीकडे समुद्र, त्यात बुडणारा सूर्य. पाहुणे गहिवरतात. "काय वाटलं असेल हो त्या राजाला!" म्हणतात आणि शेंगदाण्याची पुडी माझ्यापुढे करतात. वाराही छान असतो. परदुःख शीतळ म्हणतात ते उगाच नाही.

असेच एक पाहुणे इंग्रजीचे प्राध्यापक निघाले. म्हणाले, "दुसऱ्याच्या वाट्याचा अनुभव आपण घ्यायचा, याला मराठीत नेमका शब्द सांगा." एक काय, मी चार सांगितले.

पहिला सहानुभूती. घडण पाहिली तर बरोबरीनं भोगणं. पण हा शब्द आपण अर्जाला जुंपला. 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' असं लिहिताना साहेबानंही आपल्याबरोबर बदलीचं दुःख भोगावं, अशी कुणाची अपेक्षा नसते. सही करावी, एवढंच. सहानुभूतीची अशी कीव झाली म्हणून मानसशास्त्रवाल्यांनी 'समानुभूती' आणली. ती अजून ओटीवरच बसते, माजघरात आलेली नाही.

दुसरा सहृदय. हजार वर्षांपूर्वी काश्मिरात अभिनवगुप्तानं हा शब्द वापरला तो रसिकासाठी, कवीच्या हृदयाशी ज्याचं हृदय जुळतं त्याच्यासाठी. आता पावतीपुस्तक पुढे केल्यावर जो खिशात हात घालतो तो सहृदय.

तिसरा तादात्म्य, म्हणजे तेच होऊन जाणं. नाटकात हे खरोखर झालं तर दुसऱ्या अंकातच थिएटरात डॉक्टर बोलवावा लागेल. म्हणून चौथा. न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून मांडलेली 'सविकल्प समाधी'. दुसऱ्याच्या भूमिकेत शिरायचं, पण आपलं आपणपण न सोडता, आणि आनंद आहे तो या दुहेरी असण्यातच. मला हा सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. वनवास राजाचा, पुडी आपली.

प्राध्यापक खूश झाले. मीही झालो.

त्याच आठवड्यात शेजारच्या काकूंचे यजमान गेले. मी भेटायला गेलो आणि म्हणालो, "काकू, मी तुमच्या भावना समजू शकतो." वाक्य तोंडातून गेलं आणि लक्षात आलं, हे मराठी नव्हेच. मराठी धोतर नेसलेलं इंग्रजी आहे. काकू म्हणाल्या, "समजू नको रे. बस जरा."

बसलो. कोपऱ्यात काकांची काठी होती. अर्धा तास कुणी काही बोललं नाही. चारही शब्द माझ्याजवळ होते, पण बाहेर काढावा असा एकही नव्हता. तेव्हा कुठे त्यांतली गोम कळली. सगळे अनुभव घेणाऱ्याच्या सोयीचे. रंगभूमीवरचं दुःख आपल्यासाठीच मांडलेलं असतं, तिथे ते शोभतात. काकूंचं दुःख कुणाला दाखवण्यासाठी नव्हतं. तिथे सविकल्प समाधी लावणारा मी कोण?

उठताना काकूंनीच विचारलं, "तुझी आई पडली ना रे परवा? ऐकलं तेव्हा पोटात तुटलं माझ्या. हाड मोडलं नाही ना?"

घरात तेरावा व्हायचा होता, आणि त्यांच्या पोटात तुटलं ते माझ्या आईसाठी! संस्कृतातून आलेले आपले शब्द डोक्यात राहतात, मराठी मात्र पोटात राहते. जीव तुटतो, काळीज हलतं, आतडं पिळवटतं. यात आनंद नाही, विकल्प तर नाहीच. आणि गंमत म्हणजे ही सगळी क्रियापदं आहेत. ती 'करता' येत नाहीत, आपोआप होतात.

प्राध्यापकांना मी पत्र टाकलं. शब्द सापडला, पण तो नाम नाही, असं कळवलं.

परवा पुन्हा पाहुणे आले. थिबा पॉइंटला नेलं. शेंगदाणे खाल्ले. खोटं कशाला सांगू, राजासाठी पोटात काही तुटलं नाही.