डॉस प्रणालीतील इंटरप्ट अडविण्याची रीत : एक विचार

डॉस प्रणालीत इंटरप्ट कसा अडवावा, याचे विवेचन पाठ्यपुस्तकांत बहुधा एकाच साच्याचे आढळते. ८०८६ प्रोसेसरच्या स्मृतीच्या आरंभी १०२४ बाइटांची एक सारणी असते व तीत प्रत्येकी चार बाइटांचे २५६ पत्ते असतात. षोडशमान २१ क्रमांकाच्या इंटरप्टाच्या ३५ या कार्याने जुना पत्ता विचारून ठेवावयाचा, २५ या कार्याने आपला पत्ता बसवावयाचा, आणि आपले काम उरकल्यावर जुन्या पत्त्याकडे वाट करून द्यावयाची. एवढ्याने विषय संपला असे मानण्याचा प्रघात आहे. वस्तुतः खरी अडचण येथून पुढे सुरू होते.

सारणीत एका इंटरप्टापुढे एकच पत्ता मावतो. त्याच्यामागे कोण कोण उभे आहे, याची नोंद डॉस ठेवीत नाही. जुना पत्ता ज्याने घेतला त्याच्याच पोटात तो राहतो. समजा, ‘क’ या प्रोग्रॅमने कळफलकाचा ९ क्रमांकाचा इंटरप्ट अडविला व त्यानंतर ‘ख’ ने तोच अडविला. ‘ख’ आधी निघून गेला तर सर्व सुरळीत चालते. परंतु ‘क’ आधी निघाला तर तो मूळ पत्ता सारणीत परत ठेवतो, आणि स्मृतीत बसलेला ‘ख’ निमूटपणे बहिरा होतो. पुढे ‘ख’ निघताना ‘क’ चा पत्ता पुनः स्थापितो. ती जागा तोवर दुसऱ्या कोणास दिलेली असते; पुढची कळ दाबताच यंत्र तेथे जे काही बाइट असतील तेच आज्ञा म्हणून चालवू लागते. दोष कोणाचा म्हणावा? दोघांनीही पुस्तकातील नियम अक्षरशः पाळला आहे! निघण्यापूर्वी सारणीत आपलाच पत्ता आहे ना, हे पाहण्याचा उपाय काही ग्रंथकार सुचवितात. पण त्याने ‘क’ ला केवळ अडकून पडावे लागते.

दुसरा आक्षेप मौनाविषयी आहे. डॉसच्या अंतर्भागात एका कार्यात असताना दुसऱ्यांदा शिरणे सुरक्षित नाही. प्रणाली त्या वेळी व्यग्र आहे की नाही, हे सांगणारी खूण ३४ या कार्याने मिळत असे. तथापि अधिकृत ग्रंथांत ते कार्य दीर्घकाळ नव्हते. १९८४ च्या साइडकिकसारख्या, दुसऱ्या प्रोग्रॅमच्या डोक्यावर उघडणाऱ्या साधनांच्या कर्त्यांस असले ज्ञान प्रणालीचे अंतरंग उसवून मिळवावे लागे. ज्या सोयीस मुभा दिली, तिच्या अटी मात्र लपविल्या, हे समर्थनीय वाटत नाही.

याच रीतीचा दुरुपयोग १९८६ साली लाहोर येथे तयार झालेल्या ‘ब्रेन’ व्हायरसात दिसतो. त्याने डिस्कचा १३ क्रमांकाचा इंटरप्ट अडविला होता. बाधित फ्लॉपीचा पहिला खंड वाचावयास मागितला की तो जपून ठेवलेली मूळ प्रत पुढे करी. तपासणारा प्रोग्रॅम कितीही निर्दोष असला तरी त्याचा प्रश्न वाटेतच झेलला जाई. म्हणून निर्मळ फ्लॉपीवरून यंत्र नव्याने सुरू केल्यावाचून त्या तपासणीस अर्थ नसे.