गंजाच्या आतले किती दिसले?

अँटिकिथेराच्या यंत्राची रंगीत चित्रफीत वर्गात दाखवली की मुले हरखून जातात. सोनेरी दातेरी चाके गरगरतात, ग्रह आपापल्या वाटेने सरकतात. मग एखादे मूल विचारते, "हे असंच सापडलं?" तिथे आपली पंचाईत होते.

असे मुळीच सापडले नव्हते. १९०१ साली ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून निघाला तो गंजका गठ्ठा. दोन हजार वर्षे समुद्रात राहून काशाचे पत्रे एकमेकांना चिकटलेले. आज त्याचे ८२ तुकडे अथेन्सच्या संग्रहालयात आहेत. चाके सुटी करायला जावे, तर हाती भुगाच येईल. म्हणून २००५ साली सुमारे आठ टनांचे क्ष-किरण यंत्रच संग्रहालयात आणले. तुकडा थोडाथोडा फिरवत पुष्कळ छायाचित्रे घेतली. त्यांवरून संगणकाने आतला त्रिमिती आराखडा उभा केला. आता हवा तिथे 'काप' घेऊन पाहता येतो, वस्तूला ओरखडाही न पडता! तीस चाके आणि झाकलेली कितीतरी अक्षरे अशी दिसली. एका चाकाला २२३ दाते. तितक्याच चांद्रमासांनी ग्रहणांचा क्रम पुन्हा येतो.

ग्रहांची चाके मात्र जवळजवळ सगळी हरवली आहेत. कोरीव मजकुरात शुक्रासाठी ४६२ आणि शनीसाठी ४४२ वर्षे वाचता आली. त्यांच्या आधारे २०२१ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या गटाने चाकांची जुळणी सुचवली. ती सुंदर आहे, पण ती तर्काने केलेली जुळणी आहे, आणि संशोधकांनी ते लपवलेले नाही. चित्रफितीत मात्र सापडलेले चाक आणि कल्पिलेले चाक एकाच सोनेरी रंगात! माझी तक्रार एवढीच. कल्पिलेली चाके करड्या रंगात दाखवली असती, तर काय बिघडले असते?

स्कॅनमध्ये दिसते तेही मोजावेच लागते. यंत्राच्या दिनदर्शक वलयाचा तुटका भागच उरला आहे. वर्षाचे दिवस ३६५, म्हणून भोकेही ३६५, असे बराच काळ धरले गेले. २०२४ साली ग्लासगोच्या संशोधकांनी भोकांची अंतरे तपासून ३५४ किंवा ३५५ हा आकडा अधिक संभवनीय ठरवला. ३५४ म्हणजे चांद्र वर्षाचे दिवस.

हे वर्गात करून पाहता येते. पुठ्ठ्याच्या वलयाला काठाने समान अंतरावर भोके पाडा, वलय कापा आणि प्रत्येक गटाला एकच तुकडा द्या. पूर्ण वलयात भोके किती असतील? गटागटाची उत्तरे वेगळी येतील. ती सगळी फळ्यावर लिहा. चित्रफीत त्यानंतर लावा.