मुखपृष्ठावरचे संगीत

संगीताला वाहिलेल्या अंकाच्या मुखपृष्ठापुढे एक अवघड काम असते. कथांच्या अंकाला एखादा प्रसंग चित्रात उतरवता येतो, चित्रपटांच्या अंकाला नटनटीचा चेहरा पुरतो. गाणे मात्र ऐकायचे असते आणि कागद मुका असतो. ऐकण्याची कला डोळ्यांना जाणवेल अशी मांडायची आणि वाचकाचा हात अंकाकडे वळवायचा, हे दोन्ही या एका पानाने साधायचे असते. मराठीत मुखपृष्ठांची परंपरा समृद्ध आहे आणि संगीताचीही. तरीही या दोन परंपरांची भेट व्हायला हवी होती तितकी झाली नाही.

मुखपृष्ठ वाचकाला टप्प्याटप्प्याने भेटते. लांबून दिसतात ते रंग आणि एखादा मोठा आकार. चार पावले जवळ आल्यावर अंकाचे नाव आणि चित्राचा विषय कळतो. अंक हातात घेतला की लेखांचे मथळे, लेखकांची नावे आणि किंमत वाचली जाते. बुकस्टॉलवर अंक एकावर एक सरकवून टांगलेले असतात, त्यामुळे बरेचदा वरची पट्टीच तेवढी उघडी राहते. अंकाचे नाव माथ्यावर ठळक छापण्यामागे हे साधे कारण आहे. चांगला मुखपृष्ठकार या तिन्ही टप्प्यांचा विचार करतो. कच्चा मुखपृष्ठकार सगळे एकदम सांगायला जातो आणि पान गजबजून टाकतो.

एकोणिसाव्या शतकातील मराठी मासिकांना हा प्रश्न फारसा पडला नव्हता. 1867 मध्ये सुरू झालेल्या 'विविधज्ञानविस्तार'सारख्या मासिकाचा वाचक मजकुरासाठी वर्गणी भरत असे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1895 मध्ये 'मनोरंजन' सुरू केले आणि 1909 मध्ये त्याचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून अंक ही सणाला घरात आणण्याची देखणी वस्तू झाली. त्याआधीच, 1894 मध्ये, राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत उभा राहिला होता. त्यातून निघालेली सरस्वतीची चित्रे घरोघरी गेली. वीणा मांडीवर घेतलेली स्त्री म्हणजे संगीत, हे समीकरण मराठी नजरेत पक्के होण्यात या चित्रांचा मोठा वाटा आहे. पुढे शंकर वासुदेव किर्लोस्कर यांच्यासारखा स्वतः चित्रकार असलेला संपादक 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' या मासिकांना लाभला आणि चित्र हा संपादनाचाच भाग झाला.

या परंपरेचा बहर दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या काळात आला. दोघेही गोमंतकाचे आणि दोघांचीही कारकीर्द मुंबईत घडली. दलालांनी 1945 मध्ये स्वतःचे 'दीपावली' काढले. लयदार रेषा, सपाट रंगांचे धीट तुकडे आणि मोकळी सोडलेली जागा ही त्यांची ओळख. मुळगावकरांच्या चित्रांत रंगांचे थर इतके गुळगुळीत मिसळतात की कुंचल्याची खूणही दिसत नाही. त्यांची 'रत्नप्रभा'सारख्या अंकांवरची तेजाळ चित्रे लांबूनच नजर धरून ठेवत. छपाईची साधने तुटपुंजी असताना रंग नेमका कसा उतरेल, याचा अंदाज बांधून काम करणारे हे कलावंत होते. लोकांनी त्यांची मुखपृष्ठे कापून, चौकटीत बसवून भिंतीवर लावली, यातच त्यांचे यश आले.

संगीताच्या बाजूने पाहिले तर मात्र या बहराची एक मर्यादा दिसते. सजावटीच्या चित्रांत तंबोरा, सतार किंवा वीणा बरेचदा नायिकेच्या सौंदर्याची जोड म्हणूनच येते. वाद्य कसे धरतात, याकडे लक्ष नसते. तंबोऱ्याच्या पहिल्या तारेवर मधले बोट पडते आणि उरलेल्या तीन तारा तर्जनीने छेडल्या जातात. हात सैल असतो, कारण तासन्‌तास न थकता तीच लय चालवायची असते. हा हात नीट काढला की चित्रातली स्त्री गाण्यात बसलेली दिसते. तो शोभेपुरता काढला की ती चित्रकारासमोर बसलेली दिसते. गाणे जाणणारा वाचक हा फरक लगेच ओळखतो, आणि न जाणणाऱ्यालाही त्यातला खोटेपणा कुठेतरी जाणवतो.

संगीताच्या खास मासिकांची वाट वेगळी होती. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे 'संगीत कला विहार' स्वातंत्र्याच्या सुमारास सुरू झाले. प्रा. बी. आर. देवधर यांच्यासारखा जाणकार संपादक त्याला मिळाला. हाथरसहून निघणारे हिंदी 'संगीत' 1935 पासूनचे. अशा मासिकांचा वाचक म्हणजे मुख्यतः विद्यार्थी, शिक्षक आणि गायक-वादक. तो वर्गणीदार असतो आणि अंक टपालाने घरी येतो. स्टॉलवर दुसऱ्या अंकांशी झुंजायची वेळ आली नाही की मुखपृष्ठावर खर्च करण्याची निकडही उरत नाही. त्यामुळे ज्यांच्याजवळ संगीताचे ज्ञान होते त्यांना चित्रकाराची फारशी गरज वाटली नाही, आणि ज्यांच्याजवळ उत्तम चित्रकार होते त्यांच्या दृष्टीने संगीत हा अनेक विषयांपैकी एक होता. दोन परंपरांची गाठ न पडण्याचे मुख्य कारण या व्यवहारात आहे.

रंगीत छायाचित्रांची छपाई आवाक्यात आल्यावर कलाकाराचा चेहरा मुखपृष्ठावर आला. गौतम राजाध्यक्ष यांनी व्यक्तिचित्रणाला वेगळा दर्जा दिला. पुण्याचे सतीश पाकणीकर यांनी मैफलीतल्या गायक-वादकांची छायाचित्रे वर्षानुवर्षे टिपली. मात्र इथे एक पेच असतो. वाचकाला ओढून घेणारा चेहरा वाचकाकडे पाहत असतो. गाण्यात बुडालेल्या गायकाचे डोळे मिटलेले असतात, हात हवेत असतो आणि तोंडापुढे मायक्रोफोन असतो. म्हणून अनेक संपादक घरात बसवून काढलेले हसरे छायाचित्र निवडतात. त्यात माणूस दिसतो, पण गाणे हरवते. पंडित भीमसेन जोशी यांच्यासारख्या गायकाची तान चेहऱ्यावर, खांद्यांत आणि हाताच्या मुठीत दिसत असे. ते क्षण टिपणारे छायाचित्र मिटल्या डोळ्यांनीही वाचकाला थांबवते.

अक्षरांचे सामर्थ्यही संगीताच्या अंकांनी पुरेसे वापरलेले नाही. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा आणि वेलांट्या, खाली उकार, अशी हालचालीला भरपूर जागा असते. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींत नुसत्या अक्षरवळणातून नाटकाची जात दाखवली. र. कृ. जोशी आणि अच्युत पालव यांनी अक्षराकडे स्वतंत्र चित्र म्हणून पाहायला शिकवले. ख्यालाचा विलंबित विस्तार, लावणीचा ठसका आणि भजनाची साधी ठेवण यांना वेगवेगळी अक्षरे हवीत. कागदाच्या रचनेतूनही बरेच साधते. 1951 मध्ये मधुकर पाटकर यांनी सुरू केलेल्या 'आवाज' या विनोदी दिवाळी अंकाने खिडकी-चित्रे लोकप्रिय केली. पानाला पाडलेल्या खिडकीतून आधी एक अर्थ दिसतो आणि पान उलटल्यावर दुसरा. या युक्तीत काळाचा एक क्षण गुंतलेला आहे. संगीत ही काळात उलगडणारी कला असल्याने ही युक्ती तिला विशेष मानवेल. ती विनोदापुरतीच राहिली, ही संधी वाया गेली.

परदेशी मासिकांतही हे प्रश्न होते. अमेरिकेतील 'रोलिंग स्टोन'चा पहिला अंक 9 नोव्हेंबर 1967 रोजी निघाला. त्यावर सैनिकी वेशातील गायक जॉन लेननचे, एका चित्रपटातील छायाचित्र होते. त्याच मासिकाच्या जानेवारी 1981 च्या अंकावर ॲनी लीबोविट्झ यांनी काढलेले लेनन आणि योको ओनो यांचे छायाचित्र आले. लेननच्या हत्येच्याच दिवशी, 8 डिसेंबर 1980 रोजी, ते काढलेले होते. संपादकांनी मासिकाच्या नावाखेरीज एकही मथळा त्यावर छापला नाही. चित्र बोलत असेल तेव्हा अक्षरांनी बाजूला व्हावे, हा धडा दिवाळी अंकांच्या गजबजलेल्या मुखपृष्ठांनी घेण्यासारखा आहे.

धडे घ्यायला फार दूर जायचीही गरज नाही. दख्खनमध्ये सोळाव्या-सतराव्या शतकांत रागमाला चित्रे काढली गेली. त्यांत राग-रागिण्यांना प्रहर, ऋतू आणि भाव यांच्या आधारे दृश्यरूप दिलेले आहे. दुसरा वारसा उत्तर कोकणातल्या वारली वस्त्यांचा. डहाणू-तलासरीपासून जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यापर्यंत हा आदिवासी समाज प्रामुख्याने राहतो. वारली चित्रातला तारपा नाच म्हणजे संगीताचे अस्सल चित्र आहे. मध्ये भोपळा आणि बांबूचा लांबलचक तारपा फुंकणारा वादक उभा असतो. त्याच्याभोवती हातात हात गुंफलेल्या नाचणाऱ्यांची रांग वेटोळे घेत जाते. वादक वळेल तशी रांग वळते आणि त्याच्याकडे कुणी पाठ करत नाही. दोन त्रिकोणांची शरीरे आणि तांदळाच्या पिठाचा एकच पांढरा रंग एवढ्याच सामग्रीत लय, समूह आणि वादकाचा अधिकार दिसतो. लांबून वेटोळे दिसते, जवळून माणसे दिसतात, आणखी जवळून तारप्यावरची बोटे. मुखपृष्ठाकडून हेच तर हवे असते. जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला जगापुढे नेली. त्यानंतर तिच्या आकृत्या पिशव्यांपासून भिंतींपर्यंत सगळीकडे किनारीसारख्या छापल्या गेल्या. संगीताचे चित्र म्हणून तिचा विचार मात्र क्वचितच होतो.

आजची स्थिती संमिश्र आहे. संगणकामुळे छोट्या गावातल्या मंडळालाही रंगीत अंक काढणे जमू लागले आहे. त्याचबरोबर तयार चित्रांचा सुळसुळाट झाला आहे. अभंगांवरच्या विशेषांकावर पाश्चात्त्य स्वरलिपीची चिन्हे उडताना दिसतात आणि ठुमरीवरच्या लेखाशेजारी गिटार येते. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या स्वरलेखनात कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ आणि सप्तकांसाठी ठिपके आहेत. स्वतःची इतकी सुबक चिन्हे असताना उसनी चिन्हे वापरणे हा आळस आहे. शिवाय आता बरेच वाचक मुखपृष्ठ प्रथम मोबाइलवर, बोटभर आकारात पाहतात. तिथे एक स्पष्ट आकार आणि मोजकी अक्षरे एवढेच टिकते. रेखाटनात आणि रचनेत मुरलेल्या चित्रकाराची गरज त्यामुळे वाढली आहे.

मराठी मुखपृष्ठकलेकडे कसब भरपूर होते आणि आहे. उणीव आहे ती संगीत समजून घेऊन चित्र काढण्याच्या आग्रहाची. संपादकांनी अंकाचा विषय ठरताच चित्रकाराला मैफलीला, तालमीला किंवा तारप्याच्या नाचाला न्यावे, त्याला वेळ आणि योग्य मोबदला द्यावा आणि त्याचे नाव ठळक छापावे. तालुक्यातालुक्यांतल्या वाचनालयांनाही यात वाटा उचलता येईल. जुने अंक पुठ्ठ्यात बांधताना मुखपृष्ठे काढून टाकली जातात. ती आतल्या मजकुराइतकीच जपून ठेवावीत, कारण पुढच्या चित्रकारांना ती पाहूनच शिकायचे आहे.